बुखारा ते दुशान्बे: ऐनींच्या मागावर

शनिवार, बुखारा

बुखारा उझबेकिस्तानात आहे, पण ल्याबी हौजच्या काठी बसलेली म्हातारी माणसं आपसांत ताजिक बोलतात, म्हणजे फारसीच. मराठ्यांच्या इतिहासाचे फारसी कागद वाचता यावेत म्हणून मी पुण्यात ही भाषा शिकले. माझ्या लेखी ती दरबारी वकिलांच्या, म्हणजे राजदूतांच्या, पत्रांची आणि अखबारांची भाषा. इथे एक बाई त्याच भाषेत चेरीवाल्याशी भावावरून हुज्जत घालत होती आणि मी बाजूला उभी राहून नुसती ऐकत होते. शेवटी मावशीने हात धरून ओढलं, "अगं चल, ऊन चढतंय."

मे अखेरीस बुखाऱ्यात भर दुपारी फिरण्यात अर्थ नाही. सकाळी लवकर निघावं, दुपारी हौजाकाठच्या जुन्या तुतीच्या झाडांखाली बसावं, पुन्हा पाचनंतर बाहेर पडावं. पिकलेली पांढरी तुती आपोआप अंगावर पडते, ती खावी. फिके कपडे मात्र घालू नयेत.

आमचा प्रवास आखला होता सदरिद्दीन ऐनी या ताजिक लेखकाच्या आयुष्यावरून. ऐनींचा जन्म १८७८ चा, बुखाऱ्याजवळच्या साकतारे गावातला. १८८९ च्या पटकीत आईवडील गेले आणि पोरका मुलगा शिकायला बुखाऱ्यात आला. दुसऱ्या विद्यार्थ्यांची कामं करत तो मदरशांमधून शिकला. त्यांतला मीर-इ-अरब मदरसा आजही चालू आहे, त्यामुळे पाहुण्यांना दारातल्या जाळीपर्यंतच जाता येतं. आतून पाठांतराचा आवाज येत होता. मावशी तीसेक वर्षं शाळेत शिकवत होती, तिला तेवढंही पुरेसं होतं.

तिथून आर्क किल्ल्याकडे गेलो. १९१७ च्या एप्रिलमध्ये बुखाऱ्याचा राजा अमीर आलिम खान याने सुधारणावाद्यांची धरपकड केली, तेव्हा ऐनींना ७५ फटके मारून इथल्या तुरुंगात टाकलं. रशियन सैनिकांनी त्यांना सोडवलं आणि कागानच्या रुग्णालयात नेलं. उघड्या पाठीवरचे वळ दाखवणारा त्यांचा तेव्हाचा फोटो प्रसिद्ध आहे. पुढच्याच वर्षी अमिराच्या माणसांनी त्यांच्या भावाला ठार केलं. क्रांतीच्या बाजूने ऐनी का गेले याचं उत्तर मला पुस्तकांतल्या चर्चेपेक्षा त्या फोटोत जास्त सापडतं. ज्या सत्तेने त्यांना वाचवलं, तिच्याच छायेत त्यांना पुढे लिहायचं होतं. ती छाया किती गार आणि किती गडद, ते पुढच्या मुक्कामांवर कळत गेलं.

संध्याकाळी सामानी मकबरा पाहिला. दहाव्या शतकातली, विटांची, छोटीशी इमारत. एकच प्रकारची वीट, पण आडवी, उभी, तिरकी अशी रचली आहे की उतरत्या उन्हात भिंतीवर वेताची वीण दिसते. इस्माइल सामानी या राजाच्या घराण्याचा हा मकबरा. आजच्या ताजिकिस्तानात चलनाचं नाव सोमोनी, म्हणजे ताजिक उच्चारातला सामानीच, राजधानीतला सर्वांत मोठा पुतळा सोमोनीचा. आणि त्याची कबर दुसऱ्या देशात. या सहलीतली सगळी गोष्ट खरं तर याच एका वाक्यात आहे.

रविवार, समरकंद

वेगवान गाडीने दोनेक तासांत समरकंद. तिकिटं आठवडाभर आधी काढावीत, ऐन वेळी मिळत नाहीत.

रेगिस्तान चौकाचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात, त्यामुळे त्यावर लिहीत नाही. त्याच्याजवळच ऐनींचं घर आहे, आता संग्रहालय. आम्ही गेलो तेव्हा दुसरं कुणी नव्हतं. अंगण, मध्ये झाडं, भोवती खोल्या. माहिती सांगणाऱ्या बाईंना सगळे "मुअल्लिमा", म्हणजे शिक्षिका, म्हणत होते, म्हणून आम्हीही तेच म्हणायला लागलो. मी फारसीत बोलले तर त्या हसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही पत्रासारखं बोलता." बरोबरच होतं. मी पत्रांतूनच शिकले आहे.

मुअल्लिमांनी १९२४ ची गोष्ट घरातली असल्यासारखी सांगितली. त्या वर्षी मॉस्कोने मध्य आशियाचा नकाशा राष्ट्रांच्या हिशोबाने नव्याने आखला. ताजिकांच्या वाट्याला उझबेक प्रजासत्ताकाच्या पोटातला, बहुतांशी डोंगराळ, स्वायत्त प्रदेश आला. १९२९ मध्ये खुजंदचा भाग जोडून ताजिकिस्तानचं वेगळं सोव्हिएत प्रजासत्ताक झालं, पण बुखारा आणि समरकंद ही ताजिक बोलणारी दोन मोठी शहरं उझबेकिस्तानातच राहिली. अनेक घरांनी तेव्हा कागदोपत्री स्वतःला उझबेक लिहून घेतलं. 'ओवोझी तोजिक' हे ताजिक वर्तमानपत्र १९२४ च्या ऑगस्टमध्ये निघालं तेही समरकंदलाच, कारण छापखाना, लेखक, वाचक सगळे इथे. ज्या भागाला ताजिकिस्तान म्हणायचं ठरलं, तिथे दुशान्बे नावाचं एक खेडं होतं.

त्या काळात एक मतप्रवाह जोरात होता: ताजिक असे कुणी वेगळे नाहीतच, ते मूळचे तुर्क, फारसीच्या नादाने भाषा विसरलेले. ऐनींनी वादात न शिरता एक जाडजूड संग्रह तयार केला. 'नमुनाई अदबियाती तोजिक', म्हणजे ताजिक साहित्याचे नमुने. दहाव्या शतकातल्या रूदकीपासून स्वतःच्या काळापर्यंतचे कवी त्यात एकामागोमाग एक उभे केले. पुस्तक १९२६ मध्ये मॉस्कोत छापलं गेलं, अबुलकासिम लाहुती यांच्या प्रस्तावनेसह. लाहुती मूळचे इराणचे, केरमानशाहचे. ताब्रीझचा उठाव फसल्यावर १९२२ मध्ये सोव्हिएत देशात पळून आलेले आणि पुढे ताजिक सोव्हिएत राष्ट्रगीत लिहिणारे कवी.

हजार वर्षं या मातीत या भाषेत कविता होते आहे, आता सांगा आम्ही नाही म्हणून. इतका साधा आणि इतका बिनतोड पुरावा मला दुसरा माहीत नाही.

पण हे पुस्तक थोड्याच वर्षांत जप्त झालं. कारण वाचून चीड येते. रूदकीची एक प्रसिद्ध कविता त्यात होती. सामानी राजा अमीर नस्र हेरातला रमला, बुखाऱ्याला परतायचं नाव घेईना. दरबारी लोकांनी रूदकीला गळ घातली. त्याने मुलियान नदीच्या सुगंधाचं गाणं म्हटलं आणि अमीर जोडे न घालताच घोड्यावर बसून बुखाऱ्याकडे निघाला, अशी आख्यायिका आहे. "अमीर, बुखाऱ्याला परत ये" या अर्थाची ओळ हजार वर्षांपूर्वीची. सोव्हिएत टीकाकारांना तिच्यात पदच्युत अमिराला दिलेलं आमंत्रण दिसलं. त्याच अमिराने फटके मारलेल्या लेखकावर अमिराची बाजू घेतल्याचा आरोप आला. हे सांगताना मुअल्लिमांचा आवाज चढला होता, आणि मावशीने न विचारता त्यांच्या पेल्यात चहा ओतला.

जेवणाबद्दल: समरकंदचा ओश, म्हणजे तांदूळ, गाजर आणि मांसाचा पुलाव, दुपारीच खावा. चांगल्या ठिकाणी दोनपर्यंत कढई रिकामी होते. मावशी शाकाहारी. तिने समरकंदची जाड, चकचकीत नान, टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर आणि दही यावर आनंदात दिवस काढले. ती नान सहज आठवडाभर टिकते, पुढच्या प्रवासासाठी दोन घ्याच.

सोमवार, पंजकेंत

समरकंदहून सरहद्द तासाभरावर आहे. ही वाट अनेक वर्षं बंद होती, २०१८ मध्ये पुन्हा उघडली. शेअर टॅक्सीने सरहद्दीपर्यंत, चालत पलीकडे, तिथून दुसरी टॅक्सी. दोन्ही देशांचे ई-व्हिसा छापून जवळ ठेवावेत, आणि उझबेकिस्तानात परत यायचं असेल तर दोन प्रवेशांचा घ्यावा. थोडे डॉलर रोख असू द्यावेत.

पंजकेंतच्या टेकडीवर सोग्दियन या इथल्या प्राचीन लोकांच्या जुन्या नगराचे अवशेष आहेत. मातीच्या भिंती, गल्ल्या, घरांचे चौथरे. आठव्या शतकात अरबांच्या स्वारीनंतर हे नगर ओसाड पडत गेलं. इथली भित्तिचित्रं आता दुशान्बे आणि सेंट पीटर्सबर्गला आहेत, त्यामुळे टेकडीवर फक्त माती आणि वारा. तरी जावं. खाली झरफशान नदीचं हिरवं खोरं दिसतं.

मंगळवार, पंजरूद

पंजकेंतपासून सुमारे ६० किलोमीटर. सकाळी निघालो तेव्हा ढग होते, गावात पोचेपर्यंत पाऊस. बुखाऱ्यात घामाघूम झालेल्या आम्ही इथे शाली काढल्या.

इथे रूदकीची कबर आहे. ती सापडली कशी, हाही या गोष्टीतला मोठा तुकडा आहे. जुन्या ग्रंथांतल्या उल्लेखांवरून ऐनींनी १९४० मध्ये हेच गाव रूदकीचं असल्याचं मांडलं. ऐनी १९५४ मध्ये गेले. १९५६ मध्ये मॉस्कोहून मिखाईल गेरासिमोव्ह आले, कवटीवरून चेहरा घडवणारे ते प्रसिद्ध शास्त्रज्ञ. त्यांनी कबर उघडली, सांगाडा तपासला आणि रूदकीचा चेहरा तयार केला. म्हातारा, दात गेलेला, आंधळा. डोळे मोठेपणी तापल्या लोखंडाने जाळले असावेत, असा त्यांचा निष्कर्ष. १९५८ मध्ये रूदकीची ११०० वी जयंती थाटात झाली आणि इथे मकबरा उभा राहिला. म्हणजे ज्या कवीच्या ओळीमुळे १९३० च्या सुमारास पुस्तक जप्त झालं, त्याच कवीचा उत्सव त्याच राजवटीने तीस वर्षांच्या आत केला.

मध्ये काय बदललं? माझं मत असं. सोव्हिएत सत्तेला प्रत्येक प्रजासत्ताकाचा एक थोर पूर्वज हवा होता: रशियाला पुश्किन, जॉर्जियाला रुस्तावेली, तसा ताजिकांना रूदकी. तो कष्टकऱ्यांच्या बाजूचा, दरबाराने छळलेला दाखवता आला की झालं. ताजिक लेखकांनी ही चौकट स्वीकारली आणि तिच्या आत आपला खरा कवी बसवला. ज्यांच्याकडे बुखारा नव्हतं, समरकंद नव्हतं, त्यांनी आपण कोण हे सांगायला रूदकीला पुढे केलं. मला यात लाचारी दिसत नाही. हातात जे होतं त्यातून त्यांनी घर बांधलं.

पावसामुळे मकबऱ्याशेजारच्या एका घरात आम्हाला बोलावलं. घरात आजी, दोन सुना आणि मुलं. पुरुष रशियात कामाला. आजींनी जर्दाळूचा मुरांबा, अक्रोड, हिरवा चहा आणि ताजी नान मांडली. मावशीला ताजिक येत नाही, आजींना मराठी येत नाही. तासाभरात दोघी विणकामाचे टाके एकमेकींना शिकवत होत्या. मी आजींना सांगितलं की रूदकीने ज्या 'कलीला व दिम्ना'ला कवितेत आणलं, ते मूळचं आमच्याकडचं पंचतंत्र. दहाएक वर्षांच्या नातीने लगेच सिंह आणि सशाची गोष्ट सांगायला सुरुवात केली, विहिरीतल्या प्रतिबिंबासकट. रूदकीच्या त्या काव्याच्या आज थोड्याच ओळी उरल्या आहेत, गोष्ट मात्र पोरीला तोंडपाठ होती.

याच तालुक्यातला लोइक शेरअली, १९४१ चा जन्म. सोव्हिएत काळाच्या उत्तरार्धातला फार लाडका कवी. आईवर, भाषेवर, डोंगरातल्या गावांवर लिहिणारा. आजींच्या सुनेने त्याच्या ओळी म्हणून दाखवल्या. म्हणताना तिने पदर, म्हणजे डोक्यावरचा रुमाल, सारखा केला.

बुधवार, डोंगररस्ता

पंजकेंत ते दुशान्बे रस्ता पाचेक तासांचा. आम्हाला दिवस लागला, कारण ऐनी गावाजवळ दरड कोसळली होती. हो, गावाचंच नाव ऐनी, लेखकाच्या सन्मानार्थ. रांगेत ट्रक, टॅक्स्या, मेंढ्या. टपरीवर शुर्बो, म्हणजे मांस आणि बटाट्याचा पातळ रस्सा, आणि चहा मिळाला.

आमचे चालक चाळिशीतले. सगळे त्यांना अका म्हणत, म्हणजे दादा. अकांनी बरीच वर्षं मॉस्कोजवळ बांधकामावर काढली होती. मी साहित्याबद्दल विचारलं तर ते स्पष्ट बोलले. "रूदकी शाळेत पाठ केला, पुश्किनही केला. पोटाला पुश्किनची भाषा उपयोगी पडली." मुलाला त्यांनी रशियन माध्यमात घातलं आहे. ते बोलणं मला टोचलं, पण खोटं नव्हतं. सोव्हिएत काळात दुशान्बेत वरचा कारभार, विज्ञान, बढत्या हे रशियनमध्ये चाले आणि ताजिक भाषेला कविता, नाटक, समारंभ हा भाग मिळे. भाषेला सिंहासन देऊन कचेरीतून काढण्याचा हा प्रकार होता, आणि त्याचं बिल अकांची पिढी अजून भरते आहे.

अन्झोबचा ५ किलोमीटरचा बोगदा ओलांडला की हवा बदलते. उतारावर वर्झोब नदी सोबतीला येते. रात्री उशिरा दुशान्बे.

गुरुवार आणि शुक्रवार, दुशान्बे

पैसे बदलून घेतले आणि हातात इतिहास आला. ५ सोमोनीच्या नोटेवर ऐनी. ५० वर बोबोजोन गफुरोव, ताजिक कम्युनिस्ट पक्षाचे प्रमुख आणि 'ताजिक' या १९७२ च्या जाड इतिहासग्रंथाचे कर्ते. ३ आणि २०० च्या नोटांवर शोतेमूर आणि नुसरतुल्लो मख्सूम, वेगळ्या प्रजासत्ताकासाठी झटलेले दोन नेते. दोघांनाही १९३७ मध्ये स्टालिनच्या काळात गोळ्या घातल्या. ५०० वर रूदकी.

ज्या खेड्याला राजधानी केलं त्याचं नाव १९२९ पासून १९६१ पर्यंत स्टालिनाबाद होतं. आज मुख्य रस्ता रूदकीच्या नावाचा आहे, पूर्वी लेनिनच्या नावाचा. चौकात आधी लेनिन उभा होता, १९९१ मध्ये तिथे फिरदौसी आला, १९९९ मध्ये इस्माइल सोमोनी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चिनारांची दाट सावली, पायी फिरायला उत्तम. लेखक संघाच्या इमारतीच्या दर्शनी भागावर जुन्या-नव्या साहित्यिकांच्या मूर्ती ओळीने उभ्या आहेत. जे ऐनींच्या पुस्तकाने केलं तेच पुढे दगडात केलेलं. ऐनींची समाधीही याच शहरात, त्यांच्या नावाच्या बागेत. जन्म बुखाऱ्याकडचा, घर समरकंदचं, समाधी दुशान्बेत. ताजिक विज्ञान अकादमी १९५१ मध्ये स्थापन झाली, तिचे ते पहिले अध्यक्ष.

दुपारी कुरुतोब खाल्लं. पापुद्र्याच्या रोटीचे तुकडे, त्यावर वाळवलेल्या दह्याचं पाणी, परतलेला कांदा, जवसाचं तेल, वर भाज्या आणि कोथिंबीर. लाकडी परातीतून सगळ्यांनी हाताने खायचं. मूळ पदार्थ शाकाहारी आहे, मांस नको हे मात्र आधी सांगा. मावशीच्या मते अख्ख्या सहलीतलं हे सर्वोत्तम जेवण.

आमच्या घरमालकीणबाई निवृत्त शिक्षिका, रसायनशास्त्राच्या. मला अरबी लिपी वाचता येते हे कळल्यावर त्या आत गेल्या आणि कापडात गुंडाळलेली एक वही घेऊन आल्या. त्यांच्या आजोबांचा बयाज, म्हणजे आवडत्या कविता उतरवून ठेवलेली वही. ताजिकसाठी १९२० च्या दशकाच्या शेवटी अरबी लिपी जाऊन लॅटिन आली, आणि १९४० मध्ये लॅटिन जाऊन सिरिलिक, म्हणजे रशियनची लिपी. त्या वर्षांत अरबी लिपीतलं पुस्तक घरात असणंच धोक्याचं झालं होतं. लोकांनी ती पुरली, नदीत सोडली, भिंतीत चिणली. ही वही भिंतीतून निघालेली. बाईंना किंवा त्यांच्या आईला ती कधी वाचता आली नाही. आपल्याकडे मोडीतली घरची दप्तरं पोत्यात पडलेली असतात तशीच गत, फरक इतका की मोडी वाचल्याबद्दल आपल्यावर कुणी संशय घेतला नव्हता.

मी मोठ्याने वाचू लागले. बहुतेक गझला बेदिलच्या. मिर्झा अब्दुल कादिर बेदिल, आपल्या दिल्लीचा फारसी कवी, १७२० मध्ये वारलेला. भारतात त्याला आज फार थोडे ओळखतात, ताजिकांच्या घरात तो घरचा. ऐनींनी त्याच्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. बाई ओळ ऐकून अर्थ सांगत होत्या, कारण भाषा त्यांचीच होती, फक्त अक्षरं परकी झाली होती. शेवटच्या पानांवर कविता संपल्या आणि घरच्या नोंदी लागल्या: बैल घेतल्याचे पैसे, उसनवारी, मुलांच्या जन्मतारखा हिजरी सनात. बाईंच्या आईच्या जन्माआधी आणखी एका मुलीचं नाव होतं. बाईंनी ते मला पुन्हा वाचायला लावलं. अशी मावशी होती हे त्यांना माहीत नव्हतं. मग त्यांनी मुलाला फोन लावला आणि बराच वेळ त्याच्याशी बोलत राहिल्या. मी सगळ्या नोंदी त्यांना सिरिलिकमध्ये उतरवून दिल्या, त्यात मध्यरात्र झाली.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला त्यांनी १९८९ ची आठवण सांगितली. २२ जुलैला ताजिक ही राज्यभाषा झाली, कायद्यात तिच्या नावापुढे कंसात 'फारसी' असंही लिहिलं होतं. बोझोर सोबीर, गुलरुखसोर असे कवी त्या चळवळीत पुढे होते. बाईंनीही त्या वर्षी अरबी लिपीच्या वर्गात नाव घातलं. मग १९९२ मध्ये यादवी सुरू झाली, ती १९९७ पर्यंत चालली, आणि वर्ग राहून गेला. १९९४ च्या राज्यघटनेत तो कंसही उरला नाही.

जायच्या आधी जुन्या पुस्तकांच्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने भारतीय म्हणताच मिर्झो तुर्सुनझोदाचं पुस्तक काढलं. हा ताजिक कवी १९४७ मध्ये दिल्लीच्या आशियाई परिषदेला आला होता आणि त्यानंतर त्याने भारतावर कविता लिहिल्या, त्यांना १९४८ चं स्टालिन पारितोषिक मिळालं. मी ते घेतलं, आणि ऐनींच्या 'योद्दोश्तहो' म्हणजे आठवणींचे भागही. बुखाऱ्याचं बालपण, मदरसे, बाजार, पटकीची साथ, सगळं त्यात आहे. फारसी येत असेल तर सिरिलिक अक्षरं प्रवासाआधी आठवडाभर बसून शिका, ही पुस्तकं लगेच वाचता येतात.

बहुतेक संग्रहालयं सोमवारी बंद असतात, त्यामुळे दुशान्बेचा मुक्काम सोमवारी येऊ देऊ नका. आणि दिल्लीमार्गे परतणार असाल तर मथुरा रोडवरच्या बाग-ए-बेदिलला जा. आम्ही बाईंच्या वहीतल्या एका गझलेचा फोटो काढून आणला होता. तिथे बसून मावशीला ती आख्खी वाचून दाखवली, आणि त्याचं रेकॉर्डिंग दुशान्बेला पाठवलं.